रसिकांनी मुकी केलेली घरे

घरातले गाणे गेले, ही तक्रार आज रसिकांच्या कोणत्याही बैठकीत दहा मिनिटांच्या आत निघते. ती निघाली की आरोपींची नावेही ठरलेल्या क्रमाने पुढे येतात : चित्रपट, ध्वनिक्षेपक, मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या पेट्या, आणि सर्वांच्या शेवटी हातातला मोबाईल. हे आरोपपत्र आम्हीही गेली तीस वर्षे मोठ्या आवेशाने वाचीत आलो आहोत. आज मात्र आम्हांस त्यात एक दुरुस्ती सुचवावयाची आहे. पहिल्या आरोपीचे नाव त्यात घातलेलेच नाही. तो आरोपी म्हणजे आम्ही स्वतः. आम्ही म्हणजे चोखंदळ, जाणकार, 'कानसेन' म्हणून मिरविणारा सुशिक्षित रसिकवर्ग. घराघरांतून गाणे घालविले ते प्रथम आम्ही. कर्णे आणि पेट्या मागाहून आल्या, आणि आम्ही रिकामी करून ठेवलेल्या जागेत येऊन बसल्या.

हे ज्ञान आम्हांस कोण्या ग्रंथातून झाले नाही. ते पुणतांब्यास, आजोळच्या ओसरीवर झाले. पुणतांबा हे गोदेच्या काठचे जुने गाव. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट येथे आहे आणि योगी चांगदेवांची समाधीही येथेच आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फाटा येथे फुटतो, त्यामुळे गाडीच्या खिडकीतून गावाची पाटी वाचणारे पुष्कळ आणि गावात उतरणारे थोडे. आम्ही उतरलो ते ऐंशी ओलांडलेल्या मामींना भेटावयास. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती कुठल्याशा कर्ण्यावरील भक्तिगीताने. ते संपते न संपते तोच गावाच्या दुसऱ्या अंगाच्या कर्ण्याने दुसरे आरंभिले. घरात एक नातू कानात बोंडे घालून आपले गाणे ऐकत होता, दुसरा त्याच्या शेजारी बसून आपले. आणि स्वयंपाकघरात कोठल्याशा मालिकेचे शीर्षकगीत चालले होते. एका वेळी चार-पाच गाणी त्या घरात वाजत होती, आणि गात मात्र कोणीच नव्हते.

आम्ही मामींपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "मामी, पूर्वी तुम्ही ओव्या म्हणत होतात. एखादी म्हणा ना." मामी हसल्या. "अरे, तुझ्या त्या मोबाईलात लाव की," त्या म्हणाल्या. "त्यात चांगलं म्हणणाऱ्या बाया असतील. आमचं कसलं गाणं? आमचं दळण होतं ते."

ह्या बोलण्यात रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच ते आम्हांस लागले. कारण मामींना जी गोष्ट आठवत नव्हती ती आम्हांस त्या क्षणी लख्ख आठवली. पन्नास वर्षे होत आली असतील. आम्ही महाविद्यालयात शिकत होतो आणि नुकतेच रसिक झालो होतो. नव्या रसिकाच्या अंगी जो कडवेपणा असतो तो आमच्या अंगी पुरेपूर मुरलेला होता. १९५२ साली सुरू झालेला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम शनिवारी रात्री लागत असे, आणि सुटीत आजोळी असलो तरी तो चुकू नये म्हणून मामांचा रेडिओ आम्ही ओसरीवर आणून ठेवला होता. खरखरीतून वाट काढीत एका थोर गवयाचा विलंबित ख्याल वर येत होता. आतल्या खोलीत मामी तान्ह्या मुलास पाळण्यात घालून ओवी म्हणत होत्या. ती ओवी आमच्या ख्यालाच्या आड येऊ लागली. आम्ही उठलो, दाराशी गेलो आणि म्हणालो, "मामी, जरा थांबा, गाणे चालू आहे." मामी थांबल्या. मूल रडू लागले ते कार्यक्रम संपेपर्यंत रडत होते. त्यास ख्याल कळत नव्हता.

गाणे चालू आहे, म्हणून गाणे थांबवा! ह्या वाक्यातील विनोद उमगावयास आम्हांस अर्धे शतक लागले.

एका वाक्याने कोणाचा कंठ बंद होत नाही, हे आम्ही जाणतो. पण ते वाक्य बोलणारे आम्ही एकटे नव्हतो. कोणी आजीच्या भूपाळीस बोलले, कोणी न्हाणीघरात नाट्यपद म्हणणाऱ्या वडिलांस हसले, कोणी आरती उंच पट्टीत धरणाऱ्या आत्याकडे पाहून भुवया चढविल्या. ज्या घरात ज्ञान आले त्या घरात पहिली गोष्ट झाली ती ही, की घरच्या माणसांस आपला आवाज ऐकून लाज वाटू लागली. आम्ही सुधारणा केली असे आम्हांस वाटत होते. वास्तविक आम्ही दंड बसवीत होतो, आणि तो अशा माणसांवर, की जी आमचे म्हणणे मुकाट्याने ऐकून घेत.

ह्या ठिकाणी पुणतांब्याच्या योग्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. चौदाशे वर्षे तप केलेले चांगदेव ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे ठरेना. तेव्हा त्यांनी कोराच कागद धाडला. एवढे तप करूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाईने त्यावर म्हटले, अशी कथा आहे. ज्ञानदेवांनी उत्तर दिले ते पासष्ट ओव्यांत, आणि पुढे त्या वृद्ध योग्याने चिमुकल्या मुक्ताबाईस गुरू केले. आम्हां रसिकांची स्थिती ह्याहून निराळी काय आहे? रागांची नावे पाठ, घराण्यांच्या वंशावळी पाठ, ध्वनिमुद्रणांचा संग्रह कपाटे भरून. आणि घरातले पोर 'तुम्ही काहीतरी म्हणा' म्हणाले की आमचा कागद कोरा.

मामींच्या ज्या ओवीस आम्ही गाण्यातून वगळले, तिचे कुळ पाहिले तर आमची मान अधिकच खाली जाते. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) आधी सुमारे दीडशे वर्षे आमच्या आयाबहिणींची ओवी राजाच्या कानी गेली होती. पुढे देवगिरीस यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. संगीतशास्त्राचा एवढा मोठा ग्रंथ दुसरा क्वचित सापडेल. त्या शास्त्रकारानेही प्रबंधांच्या गणनेत ओवीस स्थान दिले. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरील ओवी ह्यांची बांधणी अगदी एक नाही, हे खरे. पण नाव एक आहे. राजास जी ऐकू आली, शास्त्रकारास जी गणावीशी वाटली आणि ज्ञानदेवांस ज्या नावाचा छंद पुरला, ती आम्हांस मात्र राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आड येणारी कटकट वाटली!

मग हा रोग जडला कोठून? तो एका मोठ्या उपकाराच्या पोटी जन्मला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. भास्करबुवा बखले ह्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाचा पाया घातला. दरबाराच्या आणि कोठीच्या आश्रयास गेलेली विद्या त्यांच्यामुळे सभ्य गृहस्थाच्या घरी आली, मुलीबाळींस शिकता येऊ लागली. त्या पुरुषांचे ऋण आम्ही मस्तकी धारण करतो. परंतु त्यांनी उघडलेल्या दारातून आम्ही विद्या आत घेतली आणि दार मात्र आतून लावून घेतले. 'गाणे' म्हणजे जे शिकविले जाते, ज्याची परीक्षा होते, ज्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते, तेवढेच. बाकीचे सारे गुणगुणणे, असा एक नवा जातिभेद आम्ही स्वरांत उत्पन्न केला. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. पुढे कित्येक वर्षे नाटकाहून परतणारा प्रेक्षक वाटेवर पदे म्हणत येई, आणि ती नटासारखी येत नाहीत म्हणून त्यास कोणी गप्प बसवीत नसे. त्यास पद आवडले आहे, एवढीच त्याच्या बेसूरपणाची फिर्याद होती. आजचा रसिक मैफलीतून परततो तो गात नाही. तो मत देत येतो.

यंत्रावर सारा दोष ढकलणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. १९०२ साली कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्यानंतर श्रेष्ठ गवई दिवाणखान्यात येऊन गाऊ लागला आणि घरच्या आवाजाची त्याच्याशी तुलना सुरू झाली, हे खरे. पण तुलना करणारा तबकडीत बसलेला नव्हता. तो खुर्चीत बसलेला होता. यंत्र स्वभावतः मुके करणारे असते, तर १९५५ च्या वर्षप्रतिपदेच्या सुमारास पुणे आकाशवाणीवरून आरंभलेल्या 'गीतरामायणा'ने महाराष्ट्र मुका झाला असता. घडले ते उलट. माडगूळकरांची छप्पन्न गीते फडक्यांच्या चालींतून वर्षभर घरोघर आली, आणि ती ऐकून माणसे गाऊ लागली. ज्यांस सा आणि रे ह्यांतील अंतर ठाऊक नव्हते त्यांनीही ती म्हटली. रेडिओ तोच, फरक इतकाच, की ह्या वेळी 'थांबा, गाणे चालू आहे' असे म्हणावयास दाराशी कोणी उभे राहिले नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत सबळ आहे. कोणी म्हणेल, 'जात्यावरच्या ओवीसाठी गळा काढणारे तुम्ही, जात्याच्या खुंट्यास कधी हात लावला आहे काय? पहाटे तीनला उठून पायली पायली दळणाऱ्या बाईस विचारा, की तिला गाणे हवे होते, की झोप.' हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. सर्वस्वी मान्य आहे. पिठाची गिरणी आली तो दिवस मराठी स्त्रीच्या इतिहासात सोन्याचा मानला पाहिजे, आणि जाते परत यावे असे जो म्हणेल त्यास प्रथम आठ दिवस दळावयास बसवावे. परंतु त्या श्रमांत बाई काय गात होती, हेही पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, सीता आहे, माहेरचा भाऊ आहे, पाहुणा म्हणून येणारे बाबासाहेब आंबेडकर आहेत. आणि त्याच आवाजात सासरचा जाच आहे, मुलीच्या जन्माचे दुःख आहे, नवऱ्याच्या माराची कहाणी आहे. दिवसभर जिला तोंड उघडण्याची मुभा नव्हती तिला जात्याच्या घरघरीच्या आडोशाने बोलता येत होते. दळण सुटले हे फार चांगले झाले. पण दळणाबरोबर बोलणेही का सुटावे? श्रम काढून घेतल्यावर तिला ऐसपैस बसून गाण्याची जागा देणे हे आमचे काम होते. ती जागा आम्ही दिली नाही. आम्ही तिला सांगितले की तुझे ते गाणे नव्हेच. आणि तिने ते इतके मनोभावे मानले, की आज ऐंशीव्या वर्षी ती आम्हांस तेच परत सांगते : आमचे कसले गाणे, दळण होते ते.

दुसरा आक्षेप आमच्याच गोटातून येईल. 'म्हणजे घरोघर बेसूर किंचाळणे सोसावयाचे काय? सुराचा काही मान आहे की नाही?' आहे, आणि तो मैफलीत आहे. व्यासपीठावर बसून जो दक्षिणा घेतो त्याचा एक स्वर ढळला तर त्यास जाब विचारा. पण घराच्या ओसरीस व्यासपीठाचा कायदा लावणारे तुम्ही कोण? उत्तम वक्ते असतात म्हणून आम्ही घरात बोलणे सोडीत नाही. नामांकित आचारी असतात म्हणून घरची भाजीभाकरी कोणी बंद केलेली नाही. उलट, रोज घरी जेवणाऱ्यासच आचाऱ्याच्या हाताची चव कळते. तेच गाण्याचे आहे. ज्याने स्वतः एकदा षड्ज लावण्याचा यत्न केला आणि तो घसरलेला अनुभवला, त्यासच गवयाचा लागलेला षड्ज पाहून रोमांच येतात. न गाणाऱ्या समाजात रसिकताही फार काळ टिकत नाही. तिची जागा माहिती घेते. आणि सुराच्या सोवळ्याचे म्हणाल तर गोदेच्या काठी दरवर्षी ते विटाळते. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात किंवा कोणत्याही गावच्या हरिनाम सप्ताहात जाऊन उभे राहावे. पन्नास टाळकऱ्यांत दहा सुरात असतात, बाकीचे त्यांच्या आधाराने चालतात. आणि वर्षानुवर्षे तसे चालून त्यांतले काही सुरात येतात. ही परंपरा जिवंत राहिली, कारण तिच्या दाराशी आमच्यासारखा परीक्षक बसलेला नाही.

ह्याच गावाने आम्हांस आणखी एक उदाहरण दिले आहे. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाची हाक पुणतांब्यातून उठली आणि ती मुंबईपर्यंत ऐकू गेली. ती हाक सुरात आहे काय, असे कोणी विचारले नाही. माणसास काही सांगावयाचे होते, एवढे पुरे झाले. गाण्यासही प्रथम एवढेच पुरते. सूर हा त्यापुढचा विचार.

तिसरा आक्षेप पालकांचा. 'आमची मुलगी गाण्याच्या क्लासला जाते. आमच्या घरात गाणे आहे.' आम्ही अशा पुष्कळ घरी गेलो आहोत. मुलीस बोलाविण्यात येते. तिने कोणती परीक्षा दिली व किती गुण मिळविले हे सांगण्यात येते. मग ती वही शोधते, तानपुऱ्याचे यंत्र लावते, आणि यमनाची एक बंदिश, तिच्या नेमलेल्या ताना संपेपर्यंत, न चुकता म्हणते. आम्ही 'वा' म्हणतो. परंतु तीच मुलगी धाकट्या भावास निजविताना गाते काय? भांडी विसळताना, पावसाकडे पाहताना, आजीच्या उशाशी बसली असताना तिच्या तोंडी काही येते काय? बहुधा येत नाही. कारण गाणे हे दर बुधवारी आणि शनिवारी सायंकाळी करावयाचे काम आहे, हे तिला आपणच शिकविले. परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा ह्यात दोष नाही. त्यांनी विद्येस शिस्त दिली. दोष आपला, कारण आपण शिडी चढण्यासच घर समजलो.

उरला प्रश्न कर्ण्यांचा. त्यांची बाजू घेण्याचा आमचा मुळीच विचार नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वस्तीच्या भागास दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घालतात, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर कर्णा लावण्यास सामान्यतः बंदी करतात. हे नियम पाळले गेलेच पाहिजेत. आजारी माणसास आणि अभ्यास करणाऱ्या मुलास तेवढे तरी आपण देणे लागतो. पण वाचकांनी एक लक्षात ठेवावे. कायदा कर्णा उतरवील. त्यामुळे शांतता होईल, गाणे होणार नाही. घरातल्या माणसाचा कंठ फुटावा असे कोणत्याही नियमात लिहिता येत नाही. आणि ज्या घरात पाच माणसे पाच कानांनी पाच गाणी ऐकतात, त्या घरात बाहेरचा कर्णा बंद झाला तरी फरक इतकाच पडेल, की मुकेपणा स्पष्ट ऐकू येईल.

तेव्हा करावे काय? आमची मागणी लहान आहे. दिवेलागणीनंतर पाव तास घरातली सर्व यंत्रे बंद ठेवावी आणि ज्यास जे येते ते त्याने म्हणावे. परवचा म्हणा, आरती म्हणा, सिनेमातले म्हणा, काहीच येत नसेल तर दुसऱ्याच्या मागून म्हणा. ह्या पाव तासात घरातल्या जाणकाराने एकच पथ्य पाळावे : कोणासही दुरुस्त करू नये. हे पथ्य आम्ही पाळून पाहिले आहे. यमनाच्या तीव्र मध्यमापेक्षा ते साधावयास कठीण आहे.

पुणतांब्याहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मामींस पुन्हा आग्रह केला नाही. आम्हीच, आजीच्या तोंडून लहानपणी ऐकलेली एक ओवी, जशी आठवली तशी म्हणू लागलो. आवाज चिरकला, नातू हसले, दुसऱ्या चरणात आम्ही शब्दही विसरलो. "तसं नाही रे," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी बरोबर शब्द सांगितले. आम्ही पुन्हा चुकलो. ह्या खेपेस त्यांनी शब्द सांगितले नाहीत. चरण धरला, म्हटला, आणि पुढची ओवी आपली आपण आली, तिच्या मागून तिसरी. आवाज थकलेला होता, श्वास पुरत नव्हता, आणि चाल, आमच्या शास्त्रास विचाराल तर, कोणत्याही रागात धड बसत नव्हती. नातवांनी कानांतली बोंडे केव्हा काढली हे आमच्या ध्यानात आले नाही.

वाचकांतील जे आमच्याच वर्गाचे आहेत त्यांच्यापाशी एवढेच मागणे. उद्या तुम्ही एखाद्या थोर गवयाचे ध्वनिमुद्रण लावून बसला असाल, आणि आतल्या खोलीतून घरच्या कोणाच्या गुणगुणण्याचा आवाज येऊ लागेल. त्या वेळी उठा, आणि यंत्र बंद करा. गवयाचे गाणे उद्याही तेथेच असेल.